चवदार तळ्यापासून लोकलेखा समितीपर्यंत : सार्वजनिक पैशाच्या हिशेबाचा आपला इतिहास

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधान परिषदेत रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य समाजास खुले असावेत, अशी शिफारस त्या ठरावात होती. आपल्या चळवळीच्या इतिहासात या ठरावाचा उल्लेख महाडच्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी म्हणून होतो. परंतु त्याचा युक्तिवाद आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. बोले यांनी हक्काचा आधार शास्त्रात शोधला नाही आणि तो दयेवरही ठेवला नाही. जेथे सर्वांचा पैसा खर्च होतो तेथे सर्वांचा प्रवेश असला पाहिजे, एवढे साधे तत्त्व त्यांनी सभागृहासमोर मांडले.

महाड नगरपालिकेने 1924 मध्ये या धोरणास अनुसरून आपल्या अखत्यारीतील तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला तेथे ओंजळभर पाणी घेता आले नाही. तेव्हा ऑगस्ट 1926 मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, अशी त्यात मागणी होती. कागदावरील धोरणाला जाग आणायची तर पैशाची नाडी धरावी लागते, हे त्या काळच्या सभासदांस चांगले कळत होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते पाणी जनतेच्या पैशाने सांभाळलेल्या तळ्याचे होते. मानवी प्रतिष्ठेच्या त्या लढ्यात सार्वजनिक खर्चाच्या हिशेबाचाही एक पदर होता, आणि आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

चौदा आणे आणि आबकारीचे उत्पन्न

महाडच्या त्या दिवसापूर्वी अवघे आठ दिवस, 12 मार्च 1927 रोजी, बाबासाहेब मुंबई विधान परिषदेत शिक्षण खात्याच्या अनुदानावर बोलत होते. नामनियुक्त सभासद म्हणून त्यांची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती. 24 फेब्रुवारीस अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणात त्यांनी जमीन महसुलाच्या अन्यायावर बोट ठेवले होते. व्यापारी वा पगारदारास ठरावीक उत्पन्नाच्या खाली प्राप्तिकर नाही. शेतकऱ्यास मात्र त्याची जमीन कितीही तुटपुंजी असो, महसूल भरावाच लागतो, हा तो मुद्दा होता.

शिक्षणावरील भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात, असे त्यांनी दाखवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च चौदा आणे होत होता. दारूवरील आबकारीतून मात्र सरकार त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करत होते. लोकांकडून आबकारीपोटी जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. सभागृहातील सभासदाचे काम कसे असावे याचा हा वस्तुपाठ आहे. पैसा कोणाकडून आला, कोणावर खर्च झाला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे तीन प्रश्न त्यांनी एकाच भाषणात विचारले.

या भाषणामागे बारा वर्षांचा अभ्यास होता. 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम. ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवस्था हा विषय निवडला. 1925 मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव गायकवाड महाराजांस अर्पण केलेला आहे. केंद्राच्या व प्रांतांच्या तिजोऱ्या टप्प्याटप्प्याने कशा विभागल्या गेल्या, हे त्यांनी त्यात मांडले.

1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. बनारस व अलीगढ येथील विद्यापीठांस केंद्र सरकार अनुदान देते. मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यातून वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाविद्यालयाच्या खिडकीवर तिला आपण ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो. पॉइंट कुकमधील आमच्या अनेक घरांचा मेलबर्नपर्यंतचा प्रवास त्या एका अर्थसंकल्पीय ओळीतून सुरू झाला आहे.

संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी

30 मे 1949 रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदावरील चर्चेत बाबासाहेबांनी जे मत मांडले ते आपल्या जयंतीच्या व्याख्यानांत क्वचितच ऐकू येते. हा बहुधा भारतीय संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे ते म्हणाले. संसदेने मंजूर केलेल्या मर्यादेबाहेर आणि ठरवून दिलेल्या कारणाखेरीज पैसा खर्च होऊ नये, हे पाहणारा हा एकमेव मनुष्य. म्हणून त्याची कर्तव्ये न्यायमूर्तींच्या कर्तव्यांहूनही मोलाची, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे त्यांनी खेदही व्यक्त केला. न्यायसंस्थेस जेवढे स्वातंत्र्य आपण दिले तेवढे या अधिकाऱ्यास देत नाही. वास्तविक त्यास त्याहून अधिक मिळावयास हवे होते, असे त्यांचे वैयक्तिक मत होते.

अनुच्छेद 148 ते 151 या पदाविषयी आहेत. महालेखापरीक्षकास पदावरून दूर करण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखीच कठीण ठेवलेली आहे. त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे व राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवले जातात. तेथे ते लोकलेखा समितीच्या हाती येतात. भारतात ही समिती 1921 पासून आहे. परंतु स्वातंत्र्यापूर्वी तिचे अध्यक्षपद सरकारच्याच वित्त सभासदाकडे असे. ज्याने खर्च करायचा त्यानेच तपासायचा, अशी ती व्यवस्था होती. 1950 नंतर ती सभापतींच्या अधिकाराखाली आली. तिच्यावर मंत्री सभासद होऊ शकत नाही. 1967 मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून विरोधी पक्षाच्या सभासदाकडे ते पद देण्याचा संकेत रूढ झाला.

आमच्यापैकी पुष्कळांचा व्यवसाय संगणक प्रणालींचा आहे. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद जी प्रणाली ठेवत नाही तिच्यावर आम्ही विसंबत नाही. राज्यकारभाराची अशी नोंदवही ठेवण्याचे काम संविधानाने या अनुच्छेदांकडे सोपवले आहे.

सेवेचा खर्च आणि प्रचाराचा खर्च

या नोंदवहीत काय सापडते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. 2018 मध्ये महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्रासह पाच राज्यांतील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अंमलबजावणीचे परीक्षण केले आणि विलंब व थकबाकीवर बोट ठेवले. शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून परीक्षेचा अर्ज अडला, निकाल रोखला गेला, आईने गळ्यातले मोडून शुल्क भरले, या आठवणी आपल्या समाजात घरोघरी आहेत. एकट्या विद्यार्थ्याला वाटते की आपलेच नशीब आडवे आले. लेखापरीक्षणाने दाखवून दिले की हा व्यवस्थेचा दोष आहे.

दुसरे उदाहरण प्रचारावरील खर्चाचे. 22 जानेवारी 2015 रोजी पानिपत येथे ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा आरंभ झाला. संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने तिची छाननी केली. समितीच्या अध्यक्षा होत्या नंदुरबारच्या तत्कालीन खासदार डॉ. हीना गावित, त्या सत्ताधारी पक्षाच्याच. डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेपुढे ठेवलेल्या अहवालात समितीने नोंदवले की 2016 ते 2019 या काळात दिलेल्या 446.72 कोटी रुपयांपैकी 78.91 टक्के रक्कम केवळ माध्यमांतील प्रसारावर खर्च झाली. जाहिरातीवरील खर्चाचा फेरविचार करून शिक्षण व आरोग्याच्या प्रत्यक्ष कामांवर भर द्यावा, असे समितीने सुचवले.

जनजागृतीवरील खर्च सर्वस्वी वाया जातो असे आम्ही म्हणत नाही. मुलीच्या जन्माविषयीची मानसिकता बदलायची तर बोलावेच लागते. पण भिंतीवरचे चित्र पाहून शाळेत आलेल्या मुलीस तेथे शिक्षिका आणि स्वच्छतागृह मिळाले पाहिजे. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराच्या अध्यक्षतेखालील समितीने हे आकडे सभागृहापुढे ठेवले, यातच संसदीय छाननीचे सामर्थ्य दिसते. त्यापूर्वी, मे 2015 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवल्याबद्दल महाराष्ट्रात त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा 1949 मधील बाबासाहेबांची चिंता किती दूरदर्शी होती हे पुन्हा दिसून आले.

आपल्या नव्या भूमीत

ज्या देशात आपण कर भरतो तेथेही हाच प्रश्न जुना आहे. 1901 मध्ये राष्ट्रकुल स्थापन झाले त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने लेखापरीक्षणाचा कायदा केला. 1913 मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त लोकलेखा समिती निर्माण झाली. 1927 पर्यंत संसद मेलबर्नमध्येच भरत असे. म्हणजे हे दोन्ही निर्णय आपल्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत असलेल्या स्प्रिंग स्ट्रीटवरील इमारतीत झाले. महामंदीच्या काळात 1932 मध्ये ही समिती मोडीत निघाली आणि सुमारे दोन दशकांनी पुन्हा सुरू झाली. पैशाची चणचण असते तेव्हाच हिशेब तपासणाऱ्यावर गदा येते, हा धडा इतिहासात नोंदला गेला.

प्रचाराच्या खर्चावरून येथेही वाद झाले. 2005 मध्ये केंद्र सरकारने कामगार कायद्यांतील बदलांची जाहिरातबाजी सुरू केली. कामगार संघटनांचे नेते ग्रेग कॉम्बेट आणि मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतील गेलिब्रँड मतदारसंघाच्या तत्कालीन खासदार निकोला रॉक्सन यांनी त्या खर्चास उच्च न्यायालयात आव्हान दिले. बहुमताने ते फेटाळले गेले. अशा खर्चावर लक्ष ठेवण्याचे ओझे त्यामुळे पुन्हा संसदेच्या आणि मतदारांच्या खांद्यावर आले. व्हिक्टोरिया राज्याने 2017 मध्ये सरकारी जाहिरातींसाठी कायद्याने निकष ठरवले. 2022 मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी 2019 च्या ‘अवर फेअर शेअर’ या मोहिमेतील बहुतेक जाहिराती राजकीय स्वरूपाच्या असल्याचा निष्कर्ष काढला. पक्ष वेगळे, देश वेगळे. सरकारी तिजोरीतून स्वतःची स्तुती करण्याचा मोह मात्र सारखाच.

राज्याच्या अर्थसंकल्पानंतर सार्वजनिक लेखा व अंदाज समिती मंत्र्यांना बोलावून प्रश्न विचारते. त्या सुनावण्या कोणासही पाहता येतात आणि प्रश्नोत्तरांचे लिखित वृत्त प्रसिद्ध होते. विंडहॅमच्या झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत शाळेतील जागा, रस्त्यांची कोंडी आणि रुग्णालयातील प्रतीक्षा यांविषयी आपण घरात नित्य बोलतो. त्या बोलण्याला आकड्यांचा आधार देण्याची जागा ही आहे. आपल्या आमदारास लिहिताना कोणती तरतूद, कोणत्या वर्षी, किती खर्च झाली, असे विचारले तर पत्रास वजन येते.

आमची एक सूचना आहे. पुढील 14 एप्रिलच्या कार्यक्रमात मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी 12 मार्च 1927 आणि 30 मे 1949 ही दोन भाषणे विषय म्हणून ठेवावीत. मायदेशातील भावंडांसाठी शिष्यवृत्तीवरील लेखापरीक्षणाचा अहवाल मराठीत सोपा करून सांगण्याचे काम आपल्यातील काहींनी हाती घ्यावे. वेळ आणि कौशल्य दोन्ही आपल्याकडे आहे. तळे खुले झाल्याचा ठराव आणि तळ्याचे पाणी यांत तीन वर्षांचे अंतर होते, आणि ते अंतर माणसांनी चालून तोडले. मंजूर झालेला रुपया आणि मुलाच्या हाती पडलेला रुपया यांतील अंतरही कोणीतरी मोजलेच पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.