पहिला नंबर आणि वर्षभराची अट
बारावीचा निकाल लागला की आपल्या सिडको-हडकोत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुलगीये, बाहेर कशाला? इथंच कर काहीतरी." तेव्हा मला कमला सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या नंबरानं पास झाली. वडील, काका ज्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, तिथंच अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन, नोबेलवाले. म्हणाले, मुलींना प्रवेश नाही! ही हटली नाही. शेवटी घेतलं, पण अटीवर: पहिलं वर्ष काम बघू, मग ठरवू. वर्षभरात रामन यांचं मत बदललं, मुलींना दार उघडलं. १९३९ ला कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठच नव्हतं, ते १९५८ ला आलं. आज इथं कॉलेजं भरपूर आहेत. अटी मात्र आता घरातच घातल्या जातात.

माझी बहीण गणितात माझ्यापेक्षा हुशार. पुण्याला मला पाठवलं, तिला नाही. तेव्हा मी गप्प बसलो. यंदा भाचीचा फॉर्म भरायचाय. या वेळी गप्प बसणार नाही.

तुमच्या घरात काय अट आहे? खरं खरं लिहा.