महाड नगरपालिकेचे दोन ठराव

मंडळाच्या स्मरणिकेसाठी या वेळी माझ्याकडे "काही तरी इतिहासातले" मागण्यात आले. इतिहास म्हटला की गड, किल्ले आणि तलवारी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मी मात्र एका नगरपालिकेने केलेल्या दोन ठरावांची हकीकत सांगणार आहे. ठराव, अंदाजपत्रक, पाणीपट्टी हा विषय बायकांना रुक्ष वाटतो असा एक समज आहे. तो कोणी पसरविला ते ठाऊक नाही. परंतु नळाचे पाणी चार दिवस आले नाही तर पहिली चौकशी कोण करते, हे भगिनींनी आपल्याच घरी पाहावे.

आपण जवाहरनगरवासी या बाबतीत थोड्या निराळ्या आहोत. आपली वस्ती कारखान्याची. पाणी, दिवे, रस्ते, क्वार्टरची डागडुजी हे सारे कारखान्याच्या व्यवस्थेतून होत आले. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ जाऊन कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला, तरी वसाहतीत राहणारीला नगरसेवक किंवा सरपंच यांच्या दारी जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तक्रार असली तर ऑफिसात अर्ज. पण फाटकाबाहेर पडून ठाण्याकडे वळले की ग्रामपंचायतीचे राज्य सुरू होते, आणि नवऱ्याच्या निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून बाहेर घर बांधलेल्या आपल्या कितीतरी मैत्रिणी आता त्या राज्याच्या नागरिक झाल्या आहेत. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

आणि तळ्याची गोष्ट तर भंडारा जिल्ह्याला मुळीच परकी नाही. आपला जिल्हा तळ्यांचा. गावोगावचे हे तलाव मालगुजारीच्या काळातले. त्यांतील कित्येक कोहळी समाजाच्या लोकांनी मोठ्या कसबाने बांधून काढले. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांना कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलताना नुसते 'मामा तलाव'. तलाव बांधला एकाने, पाणी वापरले गावाने, मालकी गेली सरकारकडे. मग गाळ कोणी काढावयाचा, पाळ कोणी दुरुस्त करावयाची, आणि पाण्यावर हक्क कोणाचा? आपल्याकडे हे प्रश्न शेताच्या पाण्यावरून पडले. महाडला ते पिण्याच्या पाण्यावरून पडले, आणि फार कठोरपणे पडले.

महाड हे कोकणातले बाजारपेठेचे गाव. त्या वेळी तो जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. आता त्याला रायगड म्हणतात. गावाच्या मध्यभागी चवदार तळे. भोवती सवर्णांची घरे आणि नगरपालिकेचा रस्ता. बाहेरगावाहून बाजाराला किंवा कचेरीच्या कामाला आलेल्या माणसाला पाणी मिळावयाचे ते याच तळ्यावर. मुसलमानांना तेथे मज्जाव नव्हता, जनावरेसुद्धा तेथे पाणी पीत. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना. त्यांच्यासाठी काय होते, तर गावाच्या मध्यापासून दूर, त्यांच्या वस्तीत एक विहीर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विहिरीविषयी लिहून ठेवले आहे की नगरपालिकेने लक्ष न दिल्यामुळे ती गाळाने भरून गेली होती.

महाडची कथा सांगताना या विहिरीकडे कोणी फारसे वळत नाही. तळ्याचा विषय प्रतिष्ठेचा होता, धर्माचा होता, तेथे सनातनी मंडळी आडवी येणार हे समजू शकते. पण विहिरीतला गाळ काढण्यास कोणत्या शास्त्राची आडकाठी होती? लागणार होते थोडे मजूर आणि थोडे पैसे. ते झाले नाही. कोणाला पाणी द्यावयाचे नाही असा ठराव कोणतीही नगरपालिका सहसा करीत नाही; ती नुसती त्या विहिरीचे काम काढीत नाही, एवढेच. मग चार मैलांवरून आलेल्या बाईने आपल्या लेकराला काय पाजावे?

आता पहिल्या ठरावाकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आणि चालविलेल्या विहिरी, पाणवठे व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. 'सार्वजनिक पैशाने' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. त्यांचा रोख धर्मावर नव्हता, खजिन्यावर होता. ज्या खजिन्यात साऱ्यांचा कर जातो, त्यातून उभ्या राहिलेल्या वस्तूवर साऱ्यांचा हक्क, हे सांगण्यासाठी शास्त्रार्थ करण्याची गरज पडली नाही. पुण्याला जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ते मोठे धाडस होते. परंतु हौद त्यांचा स्वतःचा होता. बोल्यांच्या ठरावाने प्रश्न घरच्या हौदावरून गावच्या पाण्यावर आणला.

सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या आणि महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी आपला ठराव केला. अस्पृश्यांना तळ्याचा उपयोग करू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही, अशा अर्थाचा. ज्या गावात शेकडो वर्षांची चाल होती तेथे एवढे म्हणण्यासही धैर्य लागले असले पाहिजे, ते मी कमी लेखीत नाही. पण 'हरकत नाही' या शब्दांचा अर्थ संसार करणाऱ्या प्रत्येक बाईला कळतो. मुलीला पुढे शिकवावयाचे म्हटले तर "माझी काही हरकत नाही" असे सांगून वर्तमानपत्र वर धरणारे वडील आपण पाहिले आहेत. फी कोण भरणार, शाळेत पोहोचविणार कोण, आजीची समजूत घालणार कोण, हे मात्र त्या वाक्यात नसते. महाडच्या ठरावातही तसेच झाले. हरकत नगरपालिकेची नव्हती. तळ्याकाठी राहणाऱ्यांची होती, आणि त्यांच्यापुढून घागर घेऊन जाण्याचे काम ठरावाने अस्पृश्यांवरच सोपविले. तीन वर्षे कोणी गेले नाही.

असे ठिकठिकाणी होत होते. म्हणून बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी कायदेमंडळात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करीत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. मला या गृहस्थांचे मोठे कौतुक वाटते. उपदेशाने काम होत नाही म्हटल्यावर त्यांनी थेट पैशाच्या पिशवीला हात घातला.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष. खटपट करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, आणि खुद्द महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस. परिषदेला आलेल्या माणसांना पाणी हवे होते, आणि ते चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले. गावात तुडुंब तळे, नगरपालिकेच्या दप्तरात ते खुले असल्याचा ठराव, त्या नगरपालिकेचे अध्यक्ष परिषदेच्या बाजूचे, आणि तरी पाण्याला चाळीस रुपये! १९२७ सालचे चाळीस रुपये ही गरीब माणसाच्या संसारातली लहान रक्कम नव्हे. या चाळीस रुपयांचा आकडा वाचला तेव्हा सारी हकीकत माझ्या डोक्यात पक्की बसली. आपणही हळदीकुंकवाचा जमाखर्च लिहितो, वाण, पानसुपारी, चहा. त्यात 'पाणी' हे कलम कधी असते काय?

२० तारखेला परिषदेतील लोक रांगेने तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग इतरांनी घेतले. परत मंडपाकडे आल्यावर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी कंडी गावात पिकली आणि मारहाण झाली. त्यानंतर तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. एकशे आठ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतले. जनावरे रोज पीत असलेले पाणी माणसांच्या ओंजळीने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! एरव्ही मी अशा गोष्टींवर भाष्य करण्याचे टाळते, पण शंभरावर घागरी उपसणाऱ्यांपैकी एकाला तरी वस्तीतल्या गाळाच्या विहिरीची आठवण व्हावयास हवी होती.

आणि मग दुसरा ठराव. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. तीन वर्षे ज्या ठरावाने कोणाचे काही बिघडले नाही तो, त्याचा उपयोग होताच, पाच महिन्यांच्या आत मोडीत निघाला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. त्यावर काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचे म्हणणे, तळे सार्वजनिक नव्हेच, ते खाजगी. आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादि काळापासूनची. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. २५ डिसेंबरला परिषद भरली, पण बाबासाहेबांनी हुकूम पाळून पाण्याला स्पर्श न करता तळ्याभोवती मिरवणूक काढली. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वश्रुत आहे. स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या होत्या. त्यांच्यापुढे बाबासाहेब वेगळे बोलले: मुलींना शिकवा, स्वच्छ राहा, इतर स्त्रियांसारखे लुगडे नेसा. पुरुष कार्यकर्त्यांची नावे पुस्तकांत सापडतात. या बायकांपैकी बहुतेकींची नावे कोठे लिहिली गेली नाहीत, आणि डोक्यावर घागर तर त्यांच्याच होती.

मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, खटला मात्र चालूच राहिला. १९३१ साली महाडच्या कोर्टात, १९३३ साली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते; १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. तळे खाजगी नव्हे, ते नगरपालिकेच्या ताब्यातले, हे न्यायालयांपुढे ठरले. आणि अनादि रूढीचा पुरावा वादींना देता आला नाही. ओंजळभर पाण्यापासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. एवढ्या काळात त्या वेळी काखेत असलेले मूल शाळा संपवावयास आले असेल.

बाबासाहेब पुढे आपल्या जिल्ह्यातही आले. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला ते उभे होते. राज्यघटना लिहून झालेल्या या माणसाला आपल्या जिल्ह्याने निवडून दिले नाही, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. पण इतिहास लिहावयाचा तर तीही लिहिली पाहिजे.

त्यानंतर कायदे पुष्कळ झाले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या, १९९३ साली घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. आता ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असा नियम आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणाकडे खर्च व्हावा अशीही तरतूद आहे. वर्षाचे अंदाजपत्रक ग्रामपंचायतीला पंचायत समितीकडे पाठवावे लागते, म्हणजे ते आधी गावातच तयार होते. गाळ कोठला काढावयाचा, नळ कोठपर्यंत न्यावयाचा, हे त्या कागदावर लिहिलेले असते किंवा नसते.

फाटकाबाहेर राहावयास गेलेल्या आपल्या मैत्रिणींपैकी कोणी पुढच्या महिला सभेला जाणार असेल, तर मंडळात माझ्या नावे निरोप ठेवावा. मत देण्याचा अधिकार मला तेथे नाही, पण मागे बसून ऐकण्यास मी अवश्य येईन. आणि गेल्या वर्षीच्या ठरावांची वही पाहावयास मागितली तर बरे होईल.