आकाशांतील पाखरें आणि कार्थेजचे मठवासी

महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं देवानें आपणांस काय दिलें हें आपण आनंदानें सांगतों. परंतु त्याच्यापाशीं आपण काय मागत आलों आणि कोणत्या भरंवशावर, याचा विचार क्वचितच करतों. कोणी म्हणतो, देवावर भार टाकला कीं हात हालवावयास नको; कोणी दानपेटींत टाकलेला रुपया दुप्पट होऊन परत येण्याची वाट पाहतो. दोघांची निराशा झाली म्हणजे बोल मात्र देवाला लागतो. हा घोटाळा आजकालचा नव्हे. म्हणून ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक जुनें प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरांत मठ नुकतेच स्थापन होऊं लागले होते. कांहीं मठवासी संत पौलाच्या आज्ञेप्रमाणें स्वतःच्या हातांनीं कष्ट करून जेवत. दुसरे कांहीं मात्र भाविकांच्या दानावर राहत, कामाला हात लावीत नसत, आणि वर म्हणत कीं, प्रभूनें आकाशांतील पाखरांचा व रानांतील भूकमळांचा दाखला दिला आहे, तेव्हां शुभवर्तमानाचें खरें पालन आम्हीच करतों. या वादानें प्रापंचिकांतही तट पडले. तेव्हां कार्थेजचे बिशप ऑरेलियुस यांच्या विनंतीवरून हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनीं मठवाशांच्या कामाविषयीं एक छोटा ग्रंथ लिहिला.

त्यांनीं त्या मंडळींचाच दाखला त्यांच्यापुढें ठेविला. पाखरें कोठारांत सांठवीत नाहींत हें खरें. पण तीं दळीतही नाहींत आणि रांधीतही नाहींत. मग तुमच्या मठांत कोठी कशाला, जातें कशाला, चूल कशाला? पाखरांप्रमाणें जगावयाचें तर रोज शेतांत जाऊन दाणे टिपावेत, आणि राखणदार आला तर उडून जाण्यास पंखही मागून घ्यावेत! पौलानें तर तंबू करून पोट भरलें, आणि कोणावर भार पडूं नये म्हणून थेस्सलनीकेंत रात्रंदिवस श्रम केले. प्रार्थनेला वेळ उरत नाहीं म्हणावें, तर हात कामांत असतांनाही मुखानें स्तोत्रें गातां येतात. गांवोगांव भटकून हुतात्म्यांचे अवशेष विकणाऱ्या वेषधाऱ्यांनाही त्यांनीं सोडलें नाहीं. ते अवशेष हुतात्म्यांचे तरी असतील काय, अशी शंका त्यांनीं घेतली आहे.

तथापि हा कठोरपणा सरसकट नव्हता. आजारी व अशक्त यांना त्यांनीं सूट दिली. शुभवर्तमानाच्या सेवेंत गुंतलेल्यांचा निर्वाहाचा हक्क मान्य केला. श्रीमंतींत वाढल्यामुळें कष्टांची संवय नसलेल्यांनाही सांभाळून घेतलें. स्वतःविषयीं ते लिहितात कीं, लोकांचे तंटे तोडीत बसण्यापेक्षां नेमल्या वेळीं हातांनीं काम करून उरलेला वेळ वाचनांत व प्रार्थनेंत घालविणें आपणांस अधिक आवडलें असतें.

त्यांच्या म्हणण्याचें सार असें: काम करणें अशक्य होतें तेव्हां देव आपणांस पाखरांप्रमाणें पोसतो, परंतु शक्य असतां न करणें म्हणजे देवाची परीक्षा पाहणें होय. कारण काम करण्याची शक्ति हीही त्याचीच देणगी आहे.

मग कष्ट करूनही ज्याची चूल पेटत नाहीं, त्याला देवानें टाकलें काय? याचें उत्तर संत ऑगस्टीन यांनीं त्यापूर्वींच डोंगरावरील प्रवचनाच्या विवरणांत दिलें होतें. पौलही भुकेला व तहानेला राहिला. म्हणून प्रभूचें वचन खोटें ठरलें नाहीं. देव हा वैद्य आहे. केव्हां द्यावें आणि केव्हां रोखावें हें तो जाणतो.

हा बोध भुकेल्याला धीर देण्यासाठीं आहे. भरल्या पोटाच्या शेजाऱ्यानें तो सांगून आपली पिशवी बंद करण्यासाठीं नव्हे. श्रम करणाऱ्या पौलानेंच यरुशलेमांतील गरिबांसाठीं मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी जमविली. देवाचा प्रतिपाळ बहुधा असाच माणसाच्या हातून घरीं पोहोंचतो. या महोत्सवीं दान करतांना आपण देवाला व्याजानें कर्ज देत नाहीं, त्याचेंच त्याला परत करीत आहों, हें आम्हां सर्वांच्या ध्यानांत राहो. आणि ज्याच्या दारांत आज दाणा नाहीं, त्याला आमच्या हातांतून देवाचा हात दिसो.