कार्यप्रक्रिया व्यवस्थापन सॉफ्टवेअरची निवड : संस्थांनी कोणत्या निकषांवर पारख करावी?

नवी दिल्ली : कार्यालयात आलेला अर्ज, बिल किंवा तक्रार कोणाकडून कोणाकडे जाईल, कोणत्या टप्प्यावर किती दिवसांत निर्णय व्हावा आणि किती रकमेपर्यंत कोणाची मंजुरी पुरेशी ठरेल, हे नियम संगणकात बसवून काम पुढे नेणाऱ्या प्रणालीला कार्यप्रक्रिया व्यवस्थापन सॉफ्टवेअर, अर्थात ‘बीपीएम’, असे म्हणतात. पेगा, ॲपियन, कॅमुंडा तसेच भारतीय न्यूजेन यांसारख्या कंपन्या या क्षेत्रात आहेत. केंद्र सरकारच्या कार्यालयांत फाईल व टिपणीच्या प्रवासासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ‘ई-ऑफिस’ प्रणाली वापरली जाते.

सादरीकरणाच्या वेळी यांतील बहुतेक उत्पादने सारखीच सुबक भासतात, कारण तेथे प्रत्येक काम पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत विनाअडथळा पोहोचते. त्यांच्यातील खरा फरक काम अडते, परत येते किंवा लांबते तेव्हा प्रकट होतो. म्हणून मूल्यमापनाचा भर अडलेल्या कामावर असावा.

आधी प्रक्रिया, नंतर प्रणाली

या विषयातील सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीचे आहे. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात ते मांडले. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात ५०० हून अधिक कर्मचारी होते. संगणकीकरणातून सुमारे २० टक्के मनुष्यबळ वाचेल, असा कंपनीचा अंदाज होता. मात्र माझदा या जपानी कंपनीत हेच काम अवघे पाच जण करीत असल्याचे तिच्या लक्षात आले.

फोर्डमध्ये खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बीजक या तीन कागदांवरील १४ बाबी जुळवून पाहाव्या लागत. कर्मचाऱ्यांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या नोंदींचा छडा लावण्यात जाई. कंपनीने बीजकाची गरजच काढून टाकली. माल येताच संगणकातील आदेशाशी तो पडताळायचा, जुळला तर स्वीकारून पैसे द्यायचे आणि न जुळल्यास परत पाठवायचा, अशी पद्धत आली. जुळवायच्या बाबी तीनवर आल्या आणि विभागातील मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटले.

भारतात करविषयक नियमांमुळे बीजक रद्द करता येणार नाही. तरीही प्रत्येक सहीचे प्रयोजन काय, हा प्रश्न येथेही तितकाच लागू आहे. अनावश्यक टप्पे तसेच ठेवून सॉफ्टवेअर घेतल्यास कागदावरील विलंब पडद्यावर येतो, एवढाच बदल होतो. त्यामुळे निविदा काढण्यापूर्वी संस्थेने आपल्या दोन-तीन महत्त्वाच्या प्रक्रिया आज प्रत्यक्षात कशा चालतात, याचा आराखडा तयार करणे आवश्यक ठरते. नियमपुस्तिकेतील क्रम आणि टेबलावरील क्रम यांत बऱ्याचदा तफावत असते.

बिलाच्या मुदतीची कसोटी

छोट्या पुरवठादाराच्या बिलाची प्रक्रिया पारखीसाठी विशेष उपयुक्त आहे, कारण तिच्याशी कायद्याची मुदत जोडलेली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात. लेखी करार असला तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. मालाबाबत १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो पोहोचल्याच्या दिवशीच स्वीकारला, असे मानले जाते. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही तरतूद केली. त्यानुसार मुदतीबाहेर थकलेली अशी रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली जाते, त्याच वर्षी खर्च म्हणून वजावटीस पात्र ठरते.

येथे सॉफ्टवेअरची परीक्षा होते. बिल ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत पाठवले आणि ते पुन्हा सादर झाल्यावर प्रणालीने दिवस पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, तर अहवालात एकही विलंब दिसणार नाही. पुरवठादार मात्र तिसऱ्या महिन्यातही पैशांची वाट पाहत असेल आणि संस्थेवर व्याजाचा बोजा चढत असेल. माल पोहोचल्याची तारीख, लेखी हरकतीची तारीख आणि हरकत दूर झाल्याची तारीख या तिन्ही स्वतंत्रपणे नोंदल्या जातात का आणि नंतर कोणाला त्या बदलता येतात का, हे तपासल्याशिवाय कोणत्याही उत्पादनाला गुण देऊ नयेत.

विलंबाचे मोजमाप करण्यासाठी एक साधे सूत्र हाताशी असावे. ते ‘लिटलचा नियम’ या नावाने ओळखले जाते. प्रलंबित कामांची सरासरी संख्या म्हणजे रोज येणारी कामे गुणिले प्रत्येक कामास लागणारे सरासरी दिवस. रोज ४० बिले येत असतील आणि प्रत्येकास सरासरी १५ दिवस लागत असतील, तर कोणत्याही दिवशी सुमारे ६०० बिले प्रलंबित दिसतील. प्रणालीच्या अहवालातील आकडे या हिशेबाशी जुळत नसतील, तर मोजणीची पद्धत तपासावी.

प्रात्यक्षिकात काय पाहावे?

तयार नमुन्यावरील सादरीकरणाऐवजी संस्थेने आपलीच पाच-दहा जुनी प्रकरणे, नावे व खाते क्रमांक वगळून, कंपनीला द्यावीत. त्यांत सरळ प्रकरण एखादेच असावे. अंशतः आलेला माल, रजेवर असलेला मंजुरी अधिकारी, मध्येच बदललेली मंजुरीची मर्यादा आणि चुकून पुढे गेलेले काम माघारी घेण्याची वेळ, अशी प्रकरणे अधिक बोलकी असतात.

नियम कोणाला बदलता येतो, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. मंजुरीची मर्यादा ५० हजारांवरून एक लाखावर नेण्यासाठी दर वेळी कंपनीकडे धाव घ्यावी लागत असेल, तर ती प्रणाली संस्थेची राहत नाही. नियम बदलल्यावर आधीपासून सुरू असलेली कामे जुन्या नियमाने पूर्ण होणार की नव्या, याचे उत्तर लेखी घ्यावे. रोज काम करणारे लिपिक, लेखापाल आणि भांडारपाल यांना प्रात्यक्षिकात सहभागी करून घ्यावे. देवनागरीतील मजकूर नीट नोंदवता, शोधता व छापता येतो का, हे भारतीय भाषांत कारभार करणाऱ्या संस्थांनी स्वतः पडताळावे.

बाहेर पडण्याची वाट

प्रक्रियेच्या आराखड्यासाठी ‘बीपीएमएन’ ही चिन्हपद्धती जगभर वापरली जाते. तिची २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओचे मानक म्हणून मान्यता मिळाली. या मानकामुळे आराखडा एका उत्पादनातून दुसऱ्यात नेणे सुकर होते. तथापि अर्जांचे नमुने, इतर प्रणालींशी असलेली जोडणी आणि त्या उत्पादनासाठीच लिहिलेली आज्ञावली सहसा सोबत जात नाही. त्यामुळे करार संपल्यावर सर्व नोंदी, जोडपत्रे आणि निर्णयांचा इतिहास कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत व किती खर्चात मिळेल, हे करारातच नमूद असावे.

खर्च आणि सुरक्षा

वापरकर्त्यामागे शुल्क असेल तर आकडा झपाट्याने वाढतो. समजा, दरमहा १,५०० रुपये दराने ३०० कर्मचाऱ्यांसाठी परवाने घेतले, तर पाच वर्षांत केवळ परवान्यांवर दोन कोटी ७० लाख रुपये लागतील. यांतील रोज वापर करणारे ६० आणि महिन्यातून एखादी मंजुरी देणारे २४० असतील, तर कामांच्या संख्येवर आधारित दर परवडू शकतो. मुक्तस्रोत उत्पादनात परवान्याचा खर्च वाचला, तरी उभारणी, प्रशिक्षण आणि देखभालीचा खर्च उरतोच. तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चाची व्हावी.

सीईआरटी-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोणती माहिती कोणाला दिसते, ती कोठे साठवली जाते आणि माहिती फुटल्यास कळवण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्यामुळे निवडीच्या वेळीच विचारायला हवेत.

गुण देताना

निकषांचे भारांकन प्रस्ताव उघडण्यापूर्वी ठरवून लेखी नोंदवावे. नंतर ठरवलेले भारांकन आवडत्या उत्पादनाकडे झुकण्याचा धोका असतो. काही बाबी मात्र गुणांच्या पलीकडे, अनिवार्य मानाव्यात. तारखांची न बदलता येणारी नोंद, माहिती परत मिळण्याची हमी आणि प्रवेशाधिकारांवरील नियंत्रण या तिन्हींत उणे असलेले उत्पादन अन्य बाबींत कितीही सरस असले तरी बाद ठरावे.

अंतिम निर्णयापूर्वी एका विभागात, एकाच प्रक्रियेवर दोन-तीन महिने चाचणी घेणे हितावह ठरते. चाचणीच्या आधी आणि नंतर सरासरी किती दिवस लागले, किती कामे परत आली आणि किती कामे कर्मचाऱ्यांनी प्रणालीबाहेर दूरध्वनी वा ई-मेलवर उरकली, याची नोंद ठेवावी. प्रणालीबाहेर होणारे काम वाढत असेल, तर एकतर प्रक्रियेची मांडणी चुकली आहे किंवा सॉफ्टवेअरची निवड, आणि खरेदीच्या करारावर सही करण्यापूर्वी हे कळणे संस्थेच्या हिताचे आहे.