इंग्रजीत ‘च’ कुठे असतो?

हा भाग अकोटहून, घरच्या खोलीतून रेकॉर्ड करतोय. मागे गाडीचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून. रात्रीचा क्लायंट कॉल होता. नवीन बिल्ड टेस्ट झालं का, असा प्रश्न आला. मी म्हणालो, ‘वी टेस्टेड द ओल्ड बिल्ड.’ म्हणजे जुनं टेस्ट झालंय, नवीन व्हायचंय. पण मी सगळं वाक्य भरभर, एका वजनात बोललो आणि जोर दिला शेवटच्या ‘बिल्ड’वर. समोरच्याने ऐकलं, बिल्ड टेस्ट झालं. त्यांनी नवीन बिल्ड लाइव्ह केलं आणि आम्ही पहाटे तीनपर्यंत रोलबॅक करत बसलो.

दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं, ‘ॲक्सेंट सुधार.’ मला ते लागलं. शब्द बरोबर होते, ग्रामर बरोबर होतं. मग चुकलं काय?

उत्तर मला सुट्टीत घरी आल्यावर सापडलं. फोनवर कोणीतरी बोलत होतं, ‘तो तं आलाच नाही!’ तेव्हा डोक्यात आलं, की हीच गोष्ट मराठीत असती तर मी म्हणालो असतो, ‘आम्ही जुनंच बिल्ड टेस्ट केलं.’ माझ्या इंग्रजी वाक्यात तो ‘च’ आलाच नव्हता.

आता बघा. ‘मीच फाईल पाठवली’, ‘मी फाईलच पाठवली’, ‘मी फाईल पाठवलीच’. एक अक्षर सरकलं की अर्थ सरकला. ही सोय फार जुनी आहे. आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिलं. त्या काळच्या मराठीत हाच ‘च’ ‘चि’ या रूपात भेटतो. म्हणजे सातशे वर्षांहून जास्त काळ आपण शब्दाला शेपूट लावून जोर दाखवतोय.

शिवाय आपल्याला शब्दांची जागा बदलता येते. ‘रामाने रावणाला मारलं’ म्हणा की ‘रावणाला मारलं रामाने’, घोटाळा होत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ सगळं सांगतात. हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजीही बरंचसं असंच होतं. शब्दांच्या शेवटी प्रत्यय असायचे. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजले आणि शब्दांचा क्रम पक्का झाला. जागा हलवणं अवघड झालं, ‘च’ तर नव्हताच. मग जोर दाखवायला मुख्य साधन उरलं ते आवाज. ज्या शब्दावर भर, तो लांबवायचा, उंच करायचा, बाकीचे दाबायचे. ‘आय सेंट द फाईल’ या वाक्यात ‘आय’वर जोर दिला तर ‘मीच’, ‘फाईल’वर दिला तर साधं विधान किंवा ‘फाईलच’. माझ्या वाक्यात जोर ‘ओल्ड’वर हवा होता.

हे झालं वाक्याचं. आता एकेका शब्दाकडे येऊ, तिथे इतिहास आणखी मजेदार आहे.

जुन्या इंग्रजीत जोर सहसा शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर असायचा. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, राजदरबारात फ्रेंच आली आणि हळूहळू हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. त्यांचा जोर शेवटाकडे. पुढे लॅटिन-ग्रीक शब्दांची भर पडली. सगळ्यांचे नियम एकत्र मिसळले. म्हणून इंग्रजीत जोर कुठे पडेल, हे स्पेलिंगवरून नेमकं कळत नाही.

पण अगदीच अंधार नाही. दोन तुकड्यांच्या अनेक शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. नाम ‘रेकर्ड’, क्रियापद ‘रिकॉर्ड’. १५७० च्या सुमारास अशा जोड्या अगदी मोजक्या होत्या. रेबेल, आउटलॉ आणि रेकॉर्ड या त्यातल्या. आज त्या शंभराच्या वर आहेत. कोड लिहिणाऱ्यांचे इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ऑब्जेक्ट, प्रोजेक्ट सगळे यातलेच.

दुसरा नियम. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल, तर जोर त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर. ॲप्लिकेशनमध्ये ‘के’वर, ऑटोमॅटिकमध्ये ‘मॅ’वर, युनिव्हर्सिटीमध्ये ‘व्हर’वर. अपवाद आहेत, पॉलिटिक्समध्ये जोर ‘पॉ’वर असतो, पण नियम बहुतेक वेळा चालतो. आणि आपला लाडका ‘पॅरामीटर’? आपण ‘पॅरा’ आणि ‘मीटर’ असे दोन शब्द जोडल्यासारखं बोलतो. इंग्रजी बोलणारा जोर ‘रॅ’वर देतो: ‘पॅरॅमिटर’.

मग हे आपल्याला शाळेत का कळलं नाही? दोन कारणं दिसतात.

एक म्हणजे आपली भाषा जोरावर नाही, लांबीवर चालते. दिन आणि दीन, लघु आणि गुरू. वृत्तात आपण मात्रा मोजतो. मराठी शब्दात जोर इकडचा तिकडे झाला तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला ती सवयच नाही. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ दाखवता येतं, जोराला मात्र खूण नाही. गाइडमध्ये इंग्रजी शब्दाखाली देवनागरी उच्चार छापलेला असायचा, त्यात प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाचं.

दुसरं म्हणजे इंग्रजी आपल्याकडे आली ती कागदावरून. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. कचेरीत, कोर्टात इंग्रजी लागू लागली. ती शिकायची साधनं कोणती? व्याकरण, पाठांतर आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारखी पुस्तकं. त्यावर पिढ्या शिकल्या, उत्तम लिहू लागल्या. पण पुस्तक बोलत नाही. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी माझ्या वर्गात इंग्रजी ही फळ्यावरून वहीत उतरवायची गोष्ट होती.

आता ‘ॲक्सेंट सुधार’कडे परत येऊ. १९५७ मध्ये अशोक केळकरांनी ‘वर्ड’ या न्यूयॉर्कच्या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला, विषय होता ‘मराठी इंग्लिश’. म्हणजे आपण इंग्रजी कसं बोलतो, हा टिंगलीचा नाही, अभ्यासाचा विषय आहे हे एका मराठी माणसाने तेव्हाच दाखवलं. १९६९ मध्ये हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतून आर. के. बन्सल यांचं संशोधन आलं: भारतीयांचं इंग्रजी बाहेरच्यांना कळत नाही, यामागे चुकीच्या जागी पडणारा जोर हे एक मोठं कारण. २००० मध्ये जेनिफर जेंकिन्स यांनी त्यात फरक केला. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसेल, तर एखाद्या शब्दातला जोर चुकल्याने फारसं अडत नाही, वाक्यातला मुख्य जोर चुकला तर अडतं.

मला यातून जे उमगलं ते असं. हेल आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपला वऱ्हाडी हेल ही ओळख आहे, तो लपवायचं कारण नाही. जोर हा निरोपाचा भाग आहे. तो चुकला तर निरोप चुकतो.

म्हणून तीन गोष्टी करून बघा. डिक्शनरी ॲपमध्ये उच्चारात एक छोटी उभी रेघ दिसते, तिच्या पुढचा तुकडा जोराचा. दुसरं, ‘आय कॅन डू इट’ म्हणताना ‘कॅन’ दाबून ‘कन’ म्हणा. त्यावर जोर दिला तर अमेरिकन माणसाला ‘कान्ट’ ऐकू येऊ शकतं, म्हणजे थेट उलटा अर्थ. आणि तिसरं, महत्त्वाचं वाक्य बोलण्याआधी ते मनात मराठीत म्हणा आणि ‘च’ कुठे लागतोय ते बघा. इंग्रजीत तोच शब्द लांबवा.

मी आता कॉलवर हेच करतो. बोलणं अजून अकोटचंच आहे. रोलबॅक मात्र त्या कारणाने परत झालेला नाही.

तुमचा ‘च’ कुठे हरवला होता, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. लिहून नको, बोलून. भेटू पुढच्या भागात.