कोयना खोल वेधन प्रकल्प

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम भागातील कोयना-वारणा परिसरात जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा, खडकात खोल छिद्र घेऊन अभ्यास करणारा प्रकल्प. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची कराड येथील बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी तो राबवते. पूर्वतयारीत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी : कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि परिसराला धक्के बसू लागले. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 6.3 महत्तेचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झाले; सुमारे 200 माणसे दगावली. जलाशयाशी निगडित भूकंपांत तो जगातील सर्वांत मोठा मानला जातो. सांगली जिल्ह्यातील वारणेवरच्या चांदोली धरणात 1985 पासून पाणी साठू लागल्यावर भूकंपांची व्याप्ती दक्षिणेकडे वाढली. आजवर येथे 5 वा अधिक महत्तेचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. ते सुमारे 20 × 30 किमी. क्षेत्रातच होतात आणि बहुतेकांची खोली 10 किमी.पेक्षा कमी असते. म्हणूनच वेधनासाठी ही जागा जगात फार मोलाची ठरते.

कारण : जलाशयाच्या भाराने खडकातील ताण बदलतो आणि भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याचा दाब वाढतो. त्यामुळे विभंगाच्या, म्हणजे खडक सरकतो त्या भेगेच्या, दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारे घर्षण कमी पडते. मोडण्याच्या बेतात आलेला विभंग सरकतो व भूकंप होतो. पावसाळ्यात जलाशयाची पातळी चढल्यानंतर भूकंपांची संख्या वाढल्याचे अनेक वर्षांच्या नोंदींत दिसते.

पूर्वसर्वेक्षण : येथील पृष्ठभागावर दख्खनच्या ज्वालामुखीचा सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. त्याखाली काय आहे ते जाणण्यासाठी गुरुत्व व चुंबकीय मापने आणि मॅग्नेटोटेल्युरिक (नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून खडकाची रोधकता मोजणारी) पद्धत वापरली गेली. विमानातून लेसर किरणांनी केलेल्या लायडार सर्वेक्षणातून भूरूपांचा नकाशा मिळाला. शिवाय सुमारे दीड किमी.पर्यंतची अनेक छिद्रे पाडली गेली. बेसाल्टची जाडी ठिकाणपरत्वे सुमारे 400 ते 1,250 मी. आढळली. त्याखाली गाळखडकाचा थर न लागता थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया लागला. काही छिद्रांत भूकंपमापी बसवल्याने पृष्ठभागावरील गोंगाट टळला व भूकंपाचे स्थान अधिक अचूक ठरू लागले.

वेधन : याच परिसरातील गोठणे येथे 2016 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेले पथदर्शी छिद्र 2017 च्या जूनमध्ये सुमारे 3 किमी. खोलीपर्यंत गेले. बेसाल्ट 1,247 मी.वर संपला आणि सुमारे 250 ते 270 कोटी वर्षांपूर्वीचा पाया लागला. 3 किमी. खोलीवरही मूळचे पावसाचे पाणी आढळले; म्हणजे वरचे पाणी पायाच्या खडकात खोलवर फिरते. जलाशयाच्या पाण्याच्या भूमिकेबाबतच्या अनुमानाला यामुळे मोठे बळ मिळाले. पुढे सुमारे 6 किमी. खोल छिद्राची योजना आहे.

इतर उपयोजन : जमिनीखालचा खडक जाणण्याच्या अशा पद्धती भूजलाच्या शोधातही उपयोगी पडतात. याच बेसाल्टमध्ये सातारा व सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांचे भूजल दडलेले आहे. घन कातळात पाणी फार थोडे असते. ते मुरूम, भेगा आणि दोन लाव्हाथरांमधील सांध्यांत साठते. जमिनीत विद्युत प्रवाह सोडून रोधकता मोजली की पाणी धरलेला थर कमी आणि कोरडा कातळ जास्त रोध दाखवतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशी सर्वेक्षणे करते. विहीर वा बोअर घेण्यापूर्वी ती करून घेतल्यास खर्च वाया जाण्याचा धोका घटतो.

मर्यादा : खोल वेधनाने भूकंपाचा दिवस वा वेळ सांगता येत नाही. विभंगाजवळचा ताण, पाण्याचा दाब व तापमान यांची दीर्घकालीन नोंद मात्र मिळते. तिच्या आधारे भूकंपाची यंत्रणा उलगडते आणि धरणे, घरे व शाळा भूकंपरोधक करताना ठोस आकडे हाती येतात.