आतड्याचा दाह आणि न सापडलेला जंतू

रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि वैद्यकशास्त्राला एक सवय जडली. रोग दिसला की त्याचा जंतू शोधावयाचा. बऱ्याच रोगांत ही सवय फळाला आली. जिथे ती फळाला आली नाही, अशा एका रोगाची हकिकत येथे सांगावयाची आहे.

१८९५ साली ड्रेस्डेन येथे योने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी एका खंगलेल्या गाईचे आतडे तपासले. आतड्याची भिंत जाड होऊन तिला वळ्या पडल्या होत्या, आणि तीत क्षयजंतूसारखे जंतू होते. गुरांच्या या रोगाला पुढे योने यांचेच नाव मिळाले. आपल्याकडे त्याला जोन्स रोग म्हणतात. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यवैद्य केनेडी डॅलझील यांनी माणसांतला आतड्याचा असाच एक दाह वर्णन केला. हा तोच रोग असावा, असा त्यांचा तर्क होता. मात्र माणसांत जंतू सापडत नाही, हेही त्यांनी लपविले नाही.

पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. लेखकांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने छापली गेली, म्हणून रोग क्रोन यांच्या नावावर चढला. मराठी वर्णक्रम पाळला असता, तर तो ओपनहायमर यांचा झाला असता!

डॅलझील यांचा तर्क मात्र मेला नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत चिओदिनी यांनी क्रोनच्या काही रोग्यांच्या आतड्यांतून योने जंतूच्या जातीचा जंतू वाढवून दाखविला. मग औषधाने कसोटी लावणे ओघानेच आले. २००७ साली ऑस्ट्रेलियातील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २१३ रोगी, तीन जंतुनाशक औषधे, दोन वर्षे. सर्वांना स्टेरॉइड चालूच होते. सोळा आठवड्यांनी औषधाच्या गटात शेकडा ६६ रोग्यांना आराम होता, दुसऱ्या गटात ५०. पुढे तो लाभ टिकला नाही.

मग जंतू निर्दोष म्हणावयाचे काय? तसेही नाही. बेल्जियममधील शल्यवैद्यांनी रोगट भाग कापून आतड्यातील मळ बाहेरच्या मार्गाने वळविला, तेव्हा खालच्या आतड्यात दाह परतला नाही. प्रवाह पुन्हा जोडताच तो परतला, असे १९९१ मध्ये दिसून आले. दाह पेटविणारे काही तरी त्या मळातच आहे. २००१ मध्ये क्रोनशी निगडित असे पहिले जनुक सापडले, आणि ते निघाले जंतूंच्या भिंतीचा तुकडा ओळखणारे! २००८ साली फ्रेंच संशोधकांनी दाखविले की या रोग्यांत एक उपकारक जंतूच कमी असतो. श्रोतेहो, शंभर वर्षे आपण घरात शिरलेला चोर शोधीत होतो. कदाचित बिघाड घरच्याच माणसांच्या नांदण्यात असेल.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग दोन्ही बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याशीच ठाण मांडतात, आणि क्षयातही तुकडा तपासून जंतू दिसेलच असे नाही. क्षय समजून औषधे दिली आणि रोग क्रोनचा निघाला, तर महिने वाया जाऊन आतडे आक्रसते. उलट, क्रोन समजून स्टेरॉइड दिले आणि मुळात क्षय असला, तर तो अंगभर पसरू शकतो. म्हणून डॉक्टर पुष्कळदा आधी क्षयाचीच औषधे देतात आणि दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात.